माल्ट्याचे पाव्हणे आणि वैजूची पसंती

लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेली बाई हमखास विचारते, "तुम्ही नोकरीत काय करायच्या हो?" मी सांगते, "मुलांना आईबाप शोधून द्यायचे." बाईचा घास हातातच थांबतो. मग आवाज खाली जातो. "आमच्या भाच्याला हवंय एक. गोरं मिळेल का?" आयुष्यातल्या कितीतरी जिलब्या मी या प्रश्नामुळे ताटात तशाच टाकून उठले आहे.

आमचं शिशुगृह लष्कराच्या छावणीत होतं. अजूनही आहे, फक्त मी तिथं नाही. मी तिथली समाजसेविका. ज्यांना कुणी नाही किंवा ज्यांना कुणी सोडून दिलं अशी मुलं आमच्याकडे यायची, आणि कायद्याच्या वाटेने त्यांना घर मिळवून द्यायचं हे माझं काम. लोकांना वाटतं, जोडपं येतं, पाळण्यांच्या रांगेतून फिरतं आणि भाजी निवडावी तसं मूल निवडतं. तसं काही नसतं. सगळं ऑनलाइन असतं, रांग असते, आणि मुळात आम्ही जोडप्याला मूल शोधत नाही, मुलाला जोडपं शोधतो. हा फरक समजावून सांगण्यात माझी निम्मी नोकरी गेली आणि उरलेली निम्मी तो ज्यांना समजला नाही त्यांच्याशी भांडण्यात.

गिऱ्हाईकं म्हणू नये, पण एकेक असामी यायची. एका आजीबाईंना बाळाची पत्रिका हवी होती. बाळ कुणाचं हेच माहीत नाही तिथं जन्मवेळ कुठून आणू? वाळूजच्या एका कंपनीत क्वालिटी खात्यात असलेले एक गृहस्थ आले. त्यांनी बाळाचे हातपाय, बोटं, कान सगळं नीट तपासलं आणि मग अडखळत विचारलं, "मॅडम, पुढं काही प्रॉब्लेम निघाला तर?" मी म्हटलं, "डॉक्टरकडे न्या." "तसं नाही, तुमच्याकडून काही...?" मी म्हटलं, "साहेब, तुम्ही जन्मलात तेव्हा तुमच्या आईनं कुणाकडे गॅरंटी मागितली होती?" बायको इतक्या जोरात हसली की बाळ दचकून रडायला लागलं. हेच गृहस्थ पुढे असे बाप झाले की मुलीच्या शाळेत पालकसभेला शिफ्ट बदलून जायचे.

आता मुद्द्यावर येते. नावं बदलली आहेत, बाकी सगळं झालं तसं.

वैजू आमच्याकडे होती तेव्हा आठ वर्षांची होती. आठ वर्षं म्हणजे आमच्या धंद्यात म्हातारपण. सगळ्यांना तान्हं हवं असतं. त्यातून वैजू एकदा दिली गेलेली आणि परत आलेली. परजिल्ह्यातल्या एका कुटुंबानं तिला नेलं होतं, दत्तकाचा कायमचा आदेश अजून व्हायचा होता, आणि काही महिन्यांनी ते लोक तिला गाडीतून घेऊन आले. "जमत नाहीये," म्हणाले. तिची पिशवी व्हरांड्यात ठेवली, चहासुद्धा न घेता गेले. वैजूनं पिशवी उचलली, आत जाऊन आपल्या जुन्या कॉटवर ठेवली आणि रखमा मावशीला विचारलं, "आज भाजी कसली?" त्यानंतर त्या घराबद्दल ती एक अक्षर बोलली नाही.

रखमा मावशी म्हणजे आमच्या सांभाळणाऱ्या बायांमधली मुख्य. फर्दापूरकडची, मेंढरंवाल्यांच्या घरातली. नवरा बाबूराव अजून मेंढरं घेऊन हिंडायचे. एवढी पोरं हाताखालून गेली तरी मावशीचा आवाज बसला नव्हता. तिच्या हाकेनं छावणीतल्या कवायतीचं पाऊल चुकत असेल अशी माझी खात्री आहे.

तर या वैजूला मी बिघडवलं, असं मावशीचं म्हणणं. कारण दर शनिवारी मी मुलांचा हक्कांचा तास घ्यायची. जगातल्या जवळजवळ सगळ्या देशांनी मिळून मुलांच्या हक्कांचा एक करार केलाय. मुलाला नाव हवं, घर हवं, शिकायला, खेळायला मिळायला हवं, आणि त्याच्याबद्दल काही ठरवायचं तर त्याचं मत विचारायला हवं. बाकीची पोरं ऐकून विसरायची. वैजू तो करार कोळून प्यायली. गृहपाठ म्हटलं की खेळायचा हक्क. अंघोळ म्हटली की खाजगीपणाचा हक्क. ताटात दोडका आला की ती उभी राहून म्हणायची, "मला मत मांडायचंय."

"मांड आणि खा," मावशी म्हणायची. मग माझ्याकडे वळून, "ताई, त्या जगातल्या सायबांना म्हणावं, पोरीला दोडका चारायचा हक्क बी ल्ह्या कुठंतरी."

अशात माल्टा देशातून एका जोडप्याचा होकार आला. वैजूची सगळी माहिती वाचून, वयासकट, परत येण्यासकट, त्यांनी तिलाच मुलगी करायचं ठरवलं होतं. जोसेफ आणि मारिया. त्याची पावाची भट्टी, ती शाळेत शिक्षिका. परदेशी दत्तकाला वेगळा आंतरराष्ट्रीय करार आहे, तिकडचं सरकार, इकडचं सरकार, दोन्हीकडच्या संस्था सगळे एकमेकांना तपासतात, म्हणजे मूल विकलं-पळवलं जात नाही. आणि शेवटचं कुलूप मुलाच्या हातात: पाच वर्षांपुढचं मूल असेल तर त्याची संमती लागते. वैजू नाही म्हणाली तर संपलं. आणि वैजूसाठी पुन्हा कुणी विचारेल याची मला आशा नव्हती.

मी भिंतीवरच्या नकाशात माल्टा दाखवला. दाखवला म्हणजे, छापणाऱ्याने टाकलेला ठिपका दाखवला.

"एवढूसा?" मावशी म्हणाली. "आपला तालुका मोठा हाय की. आन् पाण्याचं कसंय?"

आमच्याकडे पोरगी द्यायची म्हटलं की पहिला प्रश्न पाण्याचा. मुलगा काय करतो ते नंतर. मी सांगितलं, तिथं समुद्राचं पाणी यंत्रानं गोड करून नळाला सोडतात.

"खाऱ्या पाण्याच्या गावात पोरगी द्यायची नाय," मावशीनं निकाल दिला. "केस गळत्यात."

मग मी तिला तिकडून आलेला त्यांच्या घराचा अहवाल समजावून सांगितला. कमाई किती, तब्येत कशी, शेजारीपाजारी काय म्हणतात, पोलिसात नाव आहे का, स्वभाव कसा, भांडणं होतात का. मावशीचा चेहरा उजळला. "म्हंजी सोयरिकीची चौकशीच की ही! आधी सांगायचं ना. मला वाटलं सरकारी काम हाय." तिच्या उत्साहाची मला तेव्हाच भीती वाटायला हवी होती.

पाहुणे यायच्या दिवशी मी त्यांना आणायला विमानतळावर गेले. वाटेत जोसेफनं सांगितलं की तिकडे त्यांना तयारीचा अभ्यासक्रम करावा लागला होता. भारतीय संस्कृतीवर दोन धडे: एक मोठ्यांना नमस्कार कसा करावा, दुसरा बालविवाहाच्या समस्येवर. मी म्हटलं, वा, छान.

फाटकातून शिरताच जोसेफनं पहिला धडा सुरू केला. वॉचमन सलीमचाचांच्या पायाला हात लावला. चाचा उडालेच. नंतर मला बाजूला घेऊन म्हणाले, "मॅडम, वो साब मेरे पाँव पडे! मैं क्या करता, दुआ दे दिया."

आत गेलो आणि मी दारातच थिजले. हॉलमध्ये सतरंजी अंथरलेली. लोडाला टेकून बाबूराव, डोक्याला लाल पटका, मिशीला पीळ. शेजारी मावशी नव्या इरकल लुगड्यात. उदबत्ती. आणि आतल्या दारातून, मावशीची अर्धी साडी फाडून नेसवलेली, डोक्यावर पदर, नाकात चापाची नथ, हातात पोह्यांचा ट्रे घेऊन, खाली मान घालून, आमची आठ वर्षांची वैजू येत होती.

पाहुणे "मुलगी बघायला" येणार म्हटल्यावर मावशीनं मुलगी दाखवायचा कार्यक्रम केला होता.

मारियाचा चेहरा पांढराफटक पडला. ती माझ्या दंडाला धरून इंग्रजीत पुटपुटली, "हिचं... हिचं लग्न आहे का?" जोसेफ बाबूरावांकडे असा बघत होता, जणू नवरदेव हाच आणि वेळ पडली तर याच्याशी दोन हात करावे लागणार. मुलांच्या हक्कांसाठी मी इतकी वर्षं घसा कोरडा केला, आणि माझ्याच संस्थेत, माझ्याच डोळ्यांदेखत, परदेशी पाहुण्यांना पोहे देऊन बालविवाह दाखवला जात होता. मला आधी मावशीचा गळा धरावासा वाटला, मग हसू फुटलं ते आवरेना. हसत हसतच मी खुलासा केला. मारिया खुर्चीवर मटकन बसली आणि तीही हसायला लागली, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

मावशीला काही फरक पडला नाही. तिची चौकशी सुरू झाली होती आणि मी दुभाषी.

"सासू हाय का घरात?"

मुलीची आजी आहे का, असं मी विचारलं. आहे म्हणाले, वरच्या मजल्यावर.

"दारू पितो का?"

जोसेफ प्रामाणिक माणूस. रविवारी जेवताना एक ग्लास वाइन, म्हणाला. मी भाषांतर केलं, "द्राक्षाचा रस घेतो कधीतरी." मावशीनं माझ्याकडे असं पाहिलं की मी पुन्हा त्या फंदात पडले नाही.

मग बाबूरावांची पाळी. ते उठले, जोसेफच्या जवळ गेले, त्याला वरून खालून न्याहाळलं आणि मावशीला सांगितलं, "माणूस बरा हाय. दात शाबूत हायेत." मेंढा विकत घेतानाही ते हेच बघत.

सगळं रंगात आलं होतं. मारियानं मग बॅगेतून त्यांच्या घराचे फोटो काढले. वैजू तिच्या शेजारी टेकली. ही तुझी खोली, ही मांजर. वैजू मांजरावर बोट ठेवून चक्क हसली. मारियानं मला म्हटलं, हिला सांगा, आम्ही हिला हिचा देश विसरू देणार नाही. दोन वर्षांनी परत आणू. हिला वाटेल तेव्हा परत आणू. त्यांच्या अभ्यासक्रमात हेही शिकवलं होतं, आणि चांगलंच शिकवलं होतं. मी आनंदानं तसंच सांगितलं.

"बघा!" मावशी टाळी वाजवून म्हणाली. "माहेरी धाडणार म्हणत्यात. सोन्यासारखी माणसं! वैजे, नाय करमलं तर खुशाल ये माघारी. मी हाय ना इथं!"

वैजूनं मांजरावरचं बोट उचललं. ती उठली, नथ काढून मावशीच्या हातात दिली, पदर सारखा केला आणि मी पाहुण्यांना काय उत्तर द्यायचं म्हणून विचारलं तेव्हा म्हणाली, "कळवते."

आमच्याकडे मुलगी बघून गेलेल्यांनी "कळवतो" म्हटलं की सगळ्यांना कळतं, ते कळवत नसतात. मावशीच्या थोरल्या पोरीला दोन ठिकाणांहून असं "कळवतो" आलं होतं, त्याची कहाणी वैजूनं शंभरदा ऐकली होती. ती आत निघून गेली. पोहे गार झाले.

पुढचे दिवस माझे कसे गेले ते मलाच माहीत. पाहुण्यांच्या परतीचं ठरलेलं. वरच्या ऑफिसातून एक साहेब रोज फोन करायचे, "मॅडम, पोरीचं काय? हो म्हणतीये का? जरा समजवा की." मी म्हणायची, "समजावून घेतलेली संमती ही संमती नसते, साहेब." फोन ठेवला की मात्र वैजू काय करतेय ते दारातून बघून यायची. मावशीनं तिला वळवायला जिलेबी आणली, ती मी काढून घेतली. मग तिनं बाहुली आणली, तीही काढून घेतली. "ताई, तुमी पोरीच्या बाजूच्या का कराराच्या?" असं तिनं मला रागानं विचारलं, आणि त्या आठवड्यात मला ते नीट सांगता आलं नसतं.

पाहुणे बिचारे रोज यायचे. वैजू त्यांच्याशी वाईट वागत नव्हती. दूरच बसायची एवढंच. जोसेफला रिकामं बसवेना म्हणून तो स्वयंपाकघरात शिरला. पाववाला माणूस, पिठाचा त्याला काय धाक? मावशीनं ज्वारीचं पीठ पुढे ठेवलं. पहिली भाकरी परातीतच चिरफाळली. दुसरी उचलताना दोन तुकडे. तिसरी तव्यावर पडली ती भाकरी होती असं शपथेवर सांगता येणार नाही. पिढीजात भट्टीवाला घामाघूम झाला. मावशी पदर तोंडाला लावून हसत होती. शेवटी कोपऱ्यात बसलेल्या वैजूला राहवेना. ती आली, त्याच्या हातातलं पीठ घेतलं, "अहो, गरम पाणी लागतं याला," म्हणत मळून दिलं, आणि त्याचा हात धरून थापायला लावलं. फुगली नाही, पण गोल झाली. जोसेफनं ती दोन्ही हातांनी वर धरून मारियाला दाखवली.

मी तिथंच लसूण सोलत होते. वैजू माझ्याजवळ सरकली आणि अगदी हळू म्हणाली, "ताई, माणसं चांगली हायेत. मग दोन वर्षांनी मला माघारी का आणून देणार हायेत?"

माझ्या हातातला लसूण पडला.

त्या हॉलमध्ये आम्ही सगळे तिला परत आणण्याच्या गोष्टी करत होतो. आम्हाला वाटत होतं आपण तिला केवढा आधार देतोय. आणि परत आणून सोडणं म्हणजे काय हे त्या खोलीत फक्त तिला माहीत होतं.

मी म्हटलं, "वैजू, ते फिरायला आणणार. तुझ्यासोबत येणार, तुझ्यासोबत जाणार. आदेश झाला की तू त्यांची मुलगी. पोटच्या मुलीला कुणी परत करतं का?"

तिला ते पुरेना. "अभ्यास नाय केला तरी?"

"तरी नाही."

"दोडका नाय खाल्ला तरी?"

"तरी नाही."

मग बराच वेळ ती परातीतल्या पिठावर बोटानं रेघा ओढत राहिली. "अंथरूण ओलं केलं तरी?"

त्या पहिल्या घरानं तिला का परत केलं हे मला तेव्हा, त्या स्वयंपाकघरात कळलं. मला इतका संताप आला की मी उठून खिडकीशी जाऊन उभी राहिले. मावशी चुलीकडे तोंड करून रडत होती.

"माझं ऐकून काय करशील?" मी म्हटलं. "त्यांनाच विचार. तुला विचारायचा हक्क आहे."

वैजू दोघांसमोर जाऊन उभी राहिली, दोडक्याच्या वेळी राहायची तशी. तिनं तिन्ही प्रश्न विचारले. मी एकेक जसाच्या तसा सांगितला, या वेळी काही वाकवलं नाही. तिसऱ्या प्रश्नाला जोसेफनं मान खाली घातली. मारिया मात्र गुडघ्यांवर खाली बसली, वैजूच्या उंचीला आली आणि गंभीरपणे म्हणाली, "आमच्याकडे वॉशिंग मशीन आहे."

वैजूनं विचार केला. "मोठी?"

"मोठी."

"मग येते," वैजू म्हणाली.

मावशीनं चुलीपासूनच हाळी दिली, "बाबूराव! पसंत पडले पाव्हणे!" बाबूराव त्या वेळी मेंढरांमागं फर्दापूरच्या रानात होते, पण त्यांना ती ऐकू गेली असेल.

यथावकाश आदेश झाला, पासपोर्ट झाला, वैजू गेली. जाताना मावशीनं पिशवीत ज्वारीचं पीठ घातलं, कारण खाऱ्या पाण्याच्या गावात ज्वारी कुठली.

आता मीही निवृत्त आहे आणि मावशीही फर्दापूरला असते. तिचा मुलगा तिथं जवळची लेणी बघायला येणाऱ्यांना चहा विकतो. दोन वर्षांनी म्हटलं होतं, पण वैजूला यावंसं वाटलं ते यंदा; गणपतीनंतर ती आली. उंच, कुरळे केस शाबूत, मावशीनं पहिल्यांदा तेच तपासलं. आईबाप सोबत होतेच. मराठी जवळजवळ गेली तिची, आमच्या मुलांची जातेच. तिघं मावशीकडे राहिली. जोसेफनं भाकरी थापली, फुगली. मावशीनं मुद्दाम दोडका केला. वैजूनं ताटाकडे पाहिलं, उभी राहिली आणि आठवून आठवून म्हणाली, "मला मत मांडायचंय." आम्ही हसून लोटपोट झालो.

निघायच्या दिवशी मावशीला आवरेना. गाडीच्या दाराशी वैजूचा हात धरून म्हणाली, "ऱ्हा की गं आठ दिस. घर तुझंच हाय. आता कवा येशील?"

वैजूनं तिच्या डोळ्यांवरून हात फिरवला आणि म्हणाली, "कळवते."

मावशीचा चेहरा पडला. इतक्या वर्षांनीही तो शब्द तिच्या कानाला तसाच लागला. गाडी वळणाआड गेली तरी ती रस्त्यातच उभी होती.

दोन दिवसांनी माझ्या फोनवर मेसेज आला. शब्द मोडकेतोडके, पण देवनागरीत, तिनंच लिहिलेले. "ताई, घरी पोचले. पुढच्या दिवाळीला येते. मावशीला कळवा."